सोळाशे तास: हॉस्पिटल चॅप्लिनच्या प्रशिक्षणाचा माझा अनुभव

गेल्या शुक्रवारी, ३० ऑगस्ट २०२४ ला, संध्याकाळी पाच वाजता मी पेजर पुढच्या रेसिडेंटच्या हातात दिला आणि माझी रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं वर्षभराचं प्रशिक्षण, संपली. तीन वर्षांपूर्वी या वाटेला लागले तेव्हा मराठीतून काही वाचायला मिळतंय का ते खूप शोधलं होतं. इंग्रजीत माहिती ढिगाने होती. पण नगरची, सेरामपूर विद्यापीठाची बीडी (धर्मशास्त्राची पदवी) झालेली, नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यू जर्सीत आलेली बाई नेमकी कुठून सुरुवात करणार, ते कुठेच नव्हतं. माझ्यामागून येणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून सगळं तारीखवार लिहिते आहे.

चॅप्लिन म्हणजे हॉस्पिटलच्या पगारावर असलेली, रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या सोबतीसाठी नेमलेली व्यक्ती. मी ख्रिस्ती आहे, पाळकाच्या शिक्षणातून आले आहे, पण माझ्या वॉर्डातला रुग्ण कुठल्याही धर्माचा असतो किंवा कुठलाच धर्म न मानणारा असतो. तिथे आपला धर्म पटवून देण्याला मनाई आहे. या व्यवसायाच्या आचारसंहितेतच ते लिहिलेलं आहे. सासरच्या एका वडीलधाऱ्यांनी फोनवर आनंदाने विचारलं होतं, "म्हणजे रोज शंभर जणांना सुवार्ता सांगायला मिळणार!" त्यांना हे समजावताना मलाही ते पहिल्यांदा नीट समजलं.

या प्रशिक्षणाला क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, थोडक्यात सीपीई म्हणतात. अँटन बॉइसेन नावाचे एक पाळक स्वतः मनोरुग्णालयात दाखल होते. तिथून बाहेर पडल्यावर, १९२५ साली, त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राचे विद्यार्थी आणून बसवले. पुस्तकं जशी बारकाईने वाचता तशी ही जिवंत माणसं वाचायला शिका, असा त्यांचा आग्रह होता. आजचं सगळं प्रशिक्षण त्यातूनच वाढलं आहे. एक युनिट किमान ४०० तासांचं असतं. त्यातले निदान १०० तास वर्ग, गटचर्चा आणि मार्गदर्शकाबरोबरच्या बैठकींचे, बाकीचे मुख्यतः वॉर्डात. पुढे चॅप्लिनांना प्रमाणित करणाऱ्या बोर्डाचं प्रमाणपत्र हवं असेल तर अशी चार युनिटं लागतात. शिवाय धर्मशास्त्रातली ७२ क्रेडिटची पदव्युत्तर पदवी, आपल्या चर्चचं अधिकृत पाठबळाचं पत्र आणि चार युनिटांनंतर २,००० तासांचं काम. मी यातली चार युनिटं पूर्ण केली आहेत, बाकीचं चालू आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मी तीन हॉस्पिटलांना अर्ज केले. दोघांची फी ५० डॉलर, एकाची ७५. अर्जात निबंध असतात: स्वतःच्या आयुष्याची बऱ्यापैकी सविस्तर हकिगत, श्रद्धेचा प्रवास, नोकऱ्यांचा तपशील आणि तुम्ही कुणाला तरी मदत केलीत असा एक प्रसंग. पहिला निबंध मी अकरा पानांचा लिहिला. पणजोबांचा बाप्तिस्मा, आजोबांची शाळा, वडिलांची चाळीस वर्षांची मास्तरकी, देवळातली, म्हणजे चर्चमधली, गायनमंडळी, सगळं त्यात होतं. जानेवारीत झूमवर मुलाखत झाली. घेणाऱ्या बाईंनी पानं उलटत शांतपणे विचारलं, "तुमच्या आईबद्दल दोनच ओळी आहेत. का?"

मी म्हटलं, आई २००९ मध्ये गेली. त्या पुढच्या प्रश्नासाठी थांबल्या आणि मला पुढे बोलता येईना. फोन बंद केल्यावर वाटलं, गेली संधी. चार दिवसांनी निवड झाल्याचा मेल आला. मुलाखतीत सगळं सुरळीत सांगता आलंच पाहिजे असं काही नसतं. आपण अडखळतो कुठे आणि ते कबूल करतो का, एवढंच ते पाहतात असं आता मला वाटतं.

निवडीनंतर आरोग्याचे कागद. भारतात वाढलेल्यांनी इथे नीट लक्ष द्या. लहानपणी बीसीजी टोचलेलं असल्यामुळे टीबीची हातावरची चाचणी आपल्यात बरेचदा उगाच पॉझिटिव्ह येते. माझी आली. मग छातीचा एक्सरे, डॉक्टरांचं पत्र, दहा दिवस घोर. सुरुवातीलाच रक्ताची चाचणी मागून घ्या, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांच्या नोंदी मागतात. आपल्याकडे लसीचं कार्ड कुणी जपून ठेवलेलं नसतं. रक्तातली प्रतिकारशक्ती मोजून घेतली की चालतं. पार्श्वभूमी तपासणी आणि बोटांचे ठसे वेगळे.

पहिलं युनिट ३१ मे ते १२ ऑगस्ट २०२२. अकरा आठवडे, पूर्णवेळ, बिनपगारी, वर ९०० डॉलर शिकवणी. आम्ही पाच जण होतो: एक कॅथलिक सेमिनरीतला, एक बाप्टिस्ट पाळक, रब्बी (यहुदी धर्मगुरू) होण्यासाठी शिकणारी एक मुलगी, नायजेरियातून आलेले एक पेंटेकॉस्टल पाळक आणि मी. पहिल्या आठवड्यात मी खोलीत शिरायची, नाव सांगायची आणि दोन मिनिटांत "प्रार्थना करू का?" असं विचारायची. बहुतेक लोक हो म्हणायचे. प्रार्थना झाली की मी बाहेर. दिवसाला चौदा-पंधरा भेटी व्हायच्या आणि मला वाटायचं, छान चाललंय. आमच्या मार्गदर्शक बाईंनी, त्यांना तिथे एज्युकेटर म्हणतात, तिसऱ्या आठवड्यात सांगितलं की उद्या फक्त चार भेटी करायच्या. त्या चार भेटींनी मी संध्याकाळपर्यंत थकून गेले. इतका वेळ माणसाजवळ बसायचं तर काहीतरी ऐकावंच लागतं.

त्या सप्टेंबरमध्ये कामाच्या परवान्याचा अर्ज केला, कारण रेसिडेन्सीत स्टायपेंड मिळतो आणि एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर परवान्याशिवाय तो घेता येत नाही. हातात कार्ड पडायला मार्च उजाडला. दरम्यान बीडीचं मूल्यांकन, म्हणजे ती इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे का ते तपासून घेणं. इथे माझ्याच चुकीने दोन महिने गेले: गुणपत्रिका माझ्याजवळ होत्या म्हणून मीच पाठवल्या. त्या चालत नाहीत. विद्यापीठाकडून थेट, सीलबंद पाकिटातच जाव्या लागतात. दुसरी अडचण नावाची. बीडीवर माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. इथल्या माणसाला त्या दोन पूर्ण वेगळ्या बायका वाटतात. देवळाच्या रजिस्टरमधला विवाहाचा दाखला आणि नोटरीचं प्रतिज्ञापत्र जोडलं तेव्हा काम पुढे सरकलं. भारतातून निघण्याआधी या दोन गोष्टींच्या तीन-तीन प्रती करून घ्या, एवढं मी कळकळीने सांगते. मूल्यांकनात नऊ क्रेडिट कमी पडले. ते एका सेमिनरीतून ऑनलाइन केले, साडेचार हजार डॉलर खर्च आला. सगळ्या प्रवासातला हा सर्वांत मोठा खर्च आणि त्यासाठी आम्ही त्या वर्षी भारतात गेलो नाही.

रेसिडेन्सी ५ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. वर्षाला ३९,००० डॉलर स्टायपेंड, आरोग्य विमा आणि आठवड्यातून एकदा चोवीस तासांची ड्यूटी. पहिल्याच ड्यूटीला रात्री तीन वाजता कोड, म्हणजे कुणाचं तरी हृदय बंद पडल्याचा इशारा, वाजला. धावत गेले तर आत डॉक्टर-नर्सेस छातीवर दाब देत होत्या आणि बाहेर एक मुलगा भिंतीला टेकून उभा होता, एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा. माझी सगळी बीडी त्या क्षणी आठवेना. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, फोनचा चार्जर आणून दिला आणि शेजारी बसले. वडील वाचले नाहीत. पहाटे साडेपाचला तो म्हणाला की दुसरा बूट गाडीत असेल. आम्ही दोघं पार्किंगमध्ये जाऊन तो शोधून आलो. चॅप्लिनच्या खिशात चार्जर असावा, हे मला तेव्हापासून कुणी वेगळं सांगावं लागलं नाही.

आता व्हर्बेटिमबद्दल. सीपीईचा सगळा जीव यात आहे. एखाद्या भेटीतला संवाद त्याच रात्री आठवून शब्दशः लिहायचा, रेकॉर्डिंग नाही. प्रत्येक वाक्याला क्रमांक: चॅप्लिन १, रुग्ण १, चॅप्लिन २. मध्ये शांतता झाली असेल तर तीही लिहायची. मग गटासमोर दोघांनी ते वाचायचं आणि सगळ्यांनी प्रश्न विचारायचे. माझं आयुष्यभर लक्षात राहील असं व्हर्बेटिम नोव्हेंबर २०२३ मधलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते.

हृदय निकामी होत आलेल्या एक आजी. वय ब्याऐंशी, वाईकडच्या. मुलाकडे चार महिन्यांसाठी आलेल्या. नर्सने मला बोलावलं, कारण यादीत माझी भाषा मराठी लिहिलेली होती. एक सूचना इथेच: डॉक्टरांसाठी दुभाषी व्हायला कधी तयार होऊ नका. त्यासाठी प्रशिक्षित दुभाषी असतात आणि हॉस्पिटलचा तसा नियम असतो. तुम्ही गेलात तर फक्त सोबतीला जा.

आजींना हॉस्पिटलचा गाऊन घातला होता. कुणी पुरुष माणूस खोलीत आलं की त्यांचा उजवा हात आपसूक खांद्यापर्यंत जाई, पदर ओढून घ्यायला. तिथे पदर नसे. मग तो हात तसाच गळ्याशी राही. मी कपाटातून एक पातळ चादर काढून त्यांच्या खांद्यावर टाकली. त्यांनी ती डोक्यावरून घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"कुठली गं तू?"

"नगरची, आजी."

नाव सांगितलं. "किरिस्ताव का?"

"हो."

"बरं. बस."

वीस मिनिटं आम्ही बोललो. शेत, पाऊस, इथली थंडी, कॉफीची भयंकर चव. मग माझा पेजर वाजला. मी उठले आणि म्हटलं, "येते हं, आजी."

त्या म्हणाल्या, "ये. मी जाते."

मी लगेच म्हटलं, "असं अभद्र बोलू नये, आजी. नातवाचं लग्न बघायचंय ना?" त्यांनी मान खिडकीकडे फिरवली. मी निघाले.

रात्री व्हर्बेटिम इंग्रजीत लिहिताना या ओळीपाशी अडले. इंग्रजीत ते दोन साधे शब्द होतात, कुणीही कुठेही जाताना म्हणेल असे. गटाला मला समजावून सांगावं लागलं: आमच्यात भाजी आणायला निघालेली बाईसुद्धा 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणते. 'जाते' हा शब्द आम्ही परत न येणाऱ्यांसाठी राखून ठेवतो. तोंडातून चुकून निघाला तर घरातलं कुणीतरी टोकतं. रब्बीचं शिक्षण घेणारी मैत्रीण याही वर्षी आमच्या गटात होती. ती म्हणाली, "म्हणजे त्यांनी तो शब्द मुद्दाम वापरला."

मी उत्तर दिलं नाही. एज्युकेटर बाईंनी थोड्या वेळाने विचारलं, "तू त्यांना का थांबवलंस?" आणि मला पुण्याहून सुटलेली एसटी आठवली. २००९, बीडीची परीक्षा चालू होती. मामाचा फोन आला होता, "आईला जरा बरं नाही, निघ." शिवाजीनगरहून गाडी पकडली, वाटभर स्तोत्रं म्हणत गेले, आई बरी होऊ दे म्हणून. गल्लीच्या तोंडाशी उतरले तर आमच्या दारात चपलांचा ढीग. कुणी काही सांगायच्या आधी मला त्या चपलांवरून कळलं. आई सकाळीच गेली होती. मामाने माझ्या मायेपोटीच केलं ते, मला त्याचा राग कधीच नव्हता. पण चौदा वर्षं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्या खोलीत चार परक्या माणसांसमोर, परक्या भाषेत सांगितलं. खूप रडले. कुणी मला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आजींच्या खोलीत गेले, खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "आजी, काल तुम्ही 'जाते' म्हणालात. मी तुम्हाला बोलू दिलं नाही."

"ऐकलंस होय," त्या म्हणाल्या.

मग चाळीस मिनिटं त्याच बोलल्या. त्यांना ठाऊक होतं. मुलाला ठाऊक होतं. सुनेलाही. पण ज्याने त्याने दुसऱ्याला कळू नये म्हणून हसरा चेहरा ठेवलेला. आजींना तीन गोष्टी सांगायच्या होत्या: पुन्हा नळ्या घालू नयेत, पाटल्या गावाकडे राहून सासू-सासऱ्यांचं केलेल्या थोरल्या सुनेला द्याव्यात आणि धाकट्या बहिणीला फोनवर कुणी 'बरं नाही' असं सांगू नये, सरळ सांगावं. हे शेवटचं ऐकताना माझा घसा दाटून आला, पण मी बोलले नाही. ते त्यांचं होतं.

त्यांच्या परवानगीने मुलाला बोलावलं. पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या उपचारांचे डॉक्टर, व्हिडिओवर दुभाषी, आई आणि मुलगा असे बसले. हेल्थ केअर प्रॉक्सीचा, म्हणजे आजींच्या वतीने उपचारांचे निर्णय कुणी घ्यायचे त्याचा, कागद झाला. मुलगा बराच वेळ आईचे पाय चेपत होता. सहाव्या दिवशी आजी हॉस्पिसच्या, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या शुश्रूषेच्या, सोयीने घरी गेल्या. निघताना म्हणाल्या, "तुझ्या देवाशी बोल माझ्यासाठी. माझ्या विठोबाचं मी बघते." मी त्यांचा हात हातात घेऊन मराठीत, अगदी थोडक्यात प्रार्थना केली. त्या डोळे मिटून पुटपुटत राहिल्या. त्या वर्षातली माझी सर्वांत खरी प्रार्थना ती होती.

पुढचे महिने भरभर गेले. फेब्रुवारीत मी पार थकले होते. चोवीस तासांच्या ड्यूटीनंतर घरी येऊन मुलीला शाळेत सोडायचं, मग झोपायचं. झोप लागायची नाही. ज्यांना या वाटेने जायचं आहे त्यांनी घरच्यांशी आधी नीट बोलून घ्यावं, फक्त पैशांबद्दल नव्हे. नवऱ्याने वर्षभर रात्रीचा स्वयंपाक सांभाळला म्हणून हे जमलं. शिवाय मी दर महिन्याला ८० डॉलर देऊन समुपदेशकाकडे जात होते. हा खर्च आधीच धरून ठेवा. रोज दुसऱ्यांचं दुःख ऐकणाऱ्याला स्वतःचं ठेवायला एक जागा लागते. नोंदी करण्याची सवयही लवकर लावून घ्या. प्रत्येक भेटीची नोंद कॉम्प्युटरवर करावी लागते आणि तीन ओळींत डॉक्टरला उपयोगी पडेल असं लिहिणं हे मला वर्षाअखेरीस जमलं. 'प्रार्थना केली' एवढ्याने कुणाला काही कळत नाही. 'घरी जाण्याची इच्छा बोलून दाखवली, मुलाला अजून सांगितलेलं नाही' याने कळतं.

आता चर्चच्या पत्राचं. आमची नगरची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे १९७० मध्ये वेगवेगळी प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन झालेल्या चर्चची. इथल्या बोर्डाला मात्र चॅप्लिनला पाठबळ देण्याची अधिकृत व्यवस्था असलेल्या चर्चचं पत्र लागतं. मी युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या इथल्या मंडळीत जाऊ लागले होते. पाळकबाईंना माझ्या घराची हकिगत सांगताना लक्षात आलं की १८१३ मध्ये मुंबईला उतरलेले आणि १८३१ मध्ये नगरला ठाणं केलेले 'अमेरिकन बोर्ड' या मिशनसंस्थेचे मिशनरी याच परंपरेतले. माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा झाला ते देऊळ त्यांनी उभं केलेलं. बाई उठून खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, "मग तुम्ही इथे नव्या नाही आहात." तरी कागदपत्रांना त्याने काही सूट मिळत नाही, आणि मिळूही नये. सदस्यत्व, एका वर्षाचा सहभाग, मग समितीपुढे मुलाखत, असा क्रम आहे. पत्राची तयारी चौथ्या युनिटात नव्हे, पहिल्यातच सुरू करा. मी उशीर केला आणि आता थांबून आहे.

समितीची तारीख अजून आलेली नाही. ९ सप्टेंबरपासून मी घरापासून वीस मिनिटांवरच्या एका हॉस्पिसमध्ये आठवड्याला २४ तास रुजू होते आहे. या हिशेबाने २,००० तासांना चौऱ्याऐंशी आठवडे लागतील. तासांची नोंद सही घेऊन स्वतःच ठेवावी लागते, म्हणून काल एक जाड वही आणली आणि मुलीने तिच्यावर पट्टीने रकाने आखून दिले.